बाईंचा प्लास्टरमधला हात

"द्या इकडे," म्हणत बाई आपल्या हातातून सुई काढून घ्यायच्या. ती विनंती नसायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या हॉलमध्ये आम्ही बायका दुपारी गोधडी शिकायला जायचो. त्यांचे यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर होते, पण घरातला साहेब कोण हे त्यांनाही ठाऊक होतं.

आपण जरा कुठे शिवलं की बाई ते उसवायच्या आणि स्वतः शिवायला बसायच्या. "टाका कसा, तांदळाच्या दाण्याएवढा. तुमचा म्हणजे शेवग्याची शेंग." मग त्या इतक्या रंगायच्या की शिकवायचं राहूनच जायचं. आम्ही चकलीच्या भाजणीवर बोलत बसायचो.

महिला मंडळाच्या प्रदर्शनात आमच्या गोधड्या मांडल्या. माणसं वेगळी, टाका सगळीकडे एकच. प्रमुख पाहुण्यांनी मला विचारलं, "हा कोपरा कसा वळवलात?" मी बाईंकडे पाहिलं. उत्तर बाईंनी दिलं. बक्षीस मला मिळालं.

मग उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये कटपीस आणायला गेलेल्या बाई दुकानाच्या पायरीवरून घसरल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. आता सुट्टी, म्हणून आम्ही मनातून खूश होतो, तर निरोप आला, "हात मोडलाय, तोंड नाही. या."

आता त्यांना नुसतं सांगावं लागायचं, आणि सांगता तर यायचं नाही. "असं नाही हो, असं," म्हणत त्या प्लास्टर हवेत फिरवायच्या. डोळ्यांत पाणी यायचं. हात दुखत असेल, असं आम्हाला वाटायचं. पण आमच्या सुया आमच्याच हातात राहिल्या आणि हळूहळू चालू लागल्या. बाईंनी शिकवायला हवं असेल तर त्यांचं हाड मोडावं लागतं, एवढं आम्हाला कळलं.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी माझी गोधडी मांडीवर ओढली आणि कात्री उचलली. मी म्हटलं, "बाई, राहू द्या."

"वाकडी आहे."

"असू दे. मी शिवलीय."

"दिसतंय ते."

पण कात्री त्यांनी खाली ठेवली. बराच वेळ त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिल्या. मग आत जाऊन सगळ्यांसाठी चहा करून आणला. त्यात साखर नव्हती. आम्ही तो तसाच प्यायलो.

पुढे त्या मुलाकडे पुण्याला गेल्या. त्यांच्या जागेत नवं बिऱ्हाड आलं. फरशीच्या फटींतल्या टाचण्या कित्येक दिवस नव्या वहिनींच्या पायात रुतत होत्या.

"आधी इथे कोण राहायचं हो?" त्या विचारायच्या.

"द्या इकडे," म्हणत आम्ही त्यांच्या हातातली टाचणी काढून घ्यायचो.