उत्तनच्या पाण्याची फाइल

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी शहरातल्या एका संगणक केंद्रात नोकरीला होते आणि भाईंदरला आईवडिलांबरोबर राहत होते. वडील रत्नागिरीहून येऊन इथल्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागले होते. मी दिवसभर काय करते ते त्यांना कधी नीट समजलं नाही. "टाइपिंगच ना?" असं विचारायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पडदा वगैरे नव्हता. टेलिप्रिंटरसारखं एक यंत्र होतं. आपण आज्ञा टाइप करायची, आणि संगणक त्याच कागदावर खडखडत उत्तर छापायचा.

त्या उन्हाळ्यात डिस्क भरत आली. साहेबांनी सफाई माझ्याकडे दिली. तीन महिने ज्या फाइलला कुणी हात लावला नाही ती पुसायची. डिस्कवर प्रत्येकाची क्रमांक दिलेली वेगळी जागा असे. मला त्या सगळ्यांच्या जागा बघायची मुभा मिळाली. मी पहिल्यांदा माझीच जागा साफ केली, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. मग महिनाभर बसून सगळ्यांच्या जागांमधल्या उरलेल्या जुन्या फाइलींची यादी केली. शनिवारी दुपारी एकला ती यादी संगणकाला द्यायची, की तो ओळीने पुसत जाणार. टेपवर नकला असत, पण टेपा कमी, म्हणून जुन्या नकलेवरच नवी चढवली जायची. गेलेलं परत मिळेल याचा भरवसा नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी घरी जेवायला बसले आणि घास तोंडातच राहिला. आमच्यातला एक प्रोग्रॅमर भाईंदरजवळच्या उत्तन गावचा होता. तिथल्या ख्रिस्ती कोळी घरातला, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. होडीतून उतरताना पाय मोडला, तेव्हापासून साडेतीन महिने तो घरी होता. त्याची जागा मी यादीतून आठवणीने वगळली होती. पण तो एकदा म्हणाला होता, "माझी जागा भरली. भरती-ओहोटीचं काम दुसऱ्याच्या जागेत ठेवलंय."

कुणाच्या ते मला माहीत नव्हतं. कुणाच्याही जागेत असो, उद्या एकला ते पुसलं जाणार होतं.

"जेव तरी," आई म्हणाली. मला जेवण गेलं नाही. उठले, खिडकीशी गेले, परत बसले. त्याच्याकडे फोन नव्हता. केंद्रात त्या वेळी कुणी भेटलं नसतं.

शनिवारी पहिल्या एसटीने उत्तनला निघाले. मिठागरांच्या बाजूने गाडी इतकी सावकाश चालली होती की उतरून पळावंसं वाटत होतं. किनाऱ्यावर दांड्यांवर बोंबील वाळत होते. त्यांच्यामधून विचारत विचारत घर गाठलं. तो ओसरीवर प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

तो बोटांवर नावं मोजू लागला. मग म्हणाला, "दोघातिघांना विचारलं होतं. जो हो म्हणाला, त्याच्याकडे ठेवलं. कोण ते आता आठवत नाही गं."

"फाइलचं नाव?"

"बहिणीला घरी हाक मारतो ना, त्यातली पहिली तीन अक्षरं. पुढे काय लावलं, देव जाणे." त्या संगणकावर नाव सहाच अक्षरांचं चालायचं. सगळ्यांचीच नावं अशी तोडलेली, दुसऱ्याला न कळणारी.

त्याने त्याच नावाने हाक मारली, तशी बहीण आतून चहा घेऊन आली. सव्वा वर्षभर रोज, दिवसाच्या भरतीला, पाणी धक्क्याच्या कुठल्या पायरीला किती वाजता लागलं ते तिनेच लिहून ठेवलं होतं. त्याने ते आकडे संध्याकाळी कामानंतर बसून संगणकात घातले होते.

"वही आहे ना तुमच्याकडे?" मी तिला विचारलं.

"वही न्हाय हाय आता, बाय. गेल्या पावसान छप्पर गललं. सगली शाई पसरली."

चहा तसाच ठेवून मी निघाले.

केंद्रात पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. साहेब म्हणाले, "यादी तयार आहे ना?" मी म्हटलं, "एक नाव तपासते." आणि यंत्रासमोर बसले.

नवीन आलेल्यांना आम्ही पहिली गोष्ट ही शिकवायचो, की नुसतं प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं तर संगणक तो फक्त तुमच्या जागेत आणि सगळ्यांच्या सामायिक जागेत शोधतो. तिथे नसेल तर सरळ 'सापडत नाही' म्हणतो. शेजारच्याच जागेत तो असला तरी. बाकीच्या जागा आपण सांगाव्या लागतात. मी नावाची तीन अक्षरं टाइप केली, पुढच्या न आठवणाऱ्या अक्षरांसाठी स्टार, फाइलच्या प्रकारासाठी, म्हणजे प्रोग्रॅम की आकडे यासाठी, आणखी एक स्टार, आणि जागेच्या ठिकाणीही स्टार. म्हणजे कुठलंही, कसलंही, कुणाकडचंही.

यंत्र गप्प राहिलं. घड्याळाकडे न बघायचं ठरवून मी दोनदा बघितलं. मग खडखड सुरू झाली. एक नाव आलं, ते दुसऱ्याच कुणाच्या हिशेबाचं निघालं. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक, मोठी आकड्यांची फाइल, जानेवारीतली. पुढे जागेचा क्रमांक छापला गेला.

तो माझा होता.

मीच हो म्हणाले होते. कधी, कुठे, काही आठवेना. माझ्याच यादीत ते नाव होतं. न ओळखलेलं, म्हणून पुसायचं. ती ओळ मी यादीतून काढली, नक्कल घेतली, आणि मगच दुसरी गोष्ट लक्षात आली. आकडे होते, पण त्यांच्यावरून भरतीची वेळ काढणारा प्रोग्रॅम डिस्कवर, टेपवर, कुठेच नव्हता. महिन्यापूर्वी माझी जागा साफ करताना मी प्रोग्रॅमच्या प्रकाराच्या जुन्या फाइली नावं न बघता एका स्टारने पुसल्या होत्या. आकड्यांचा प्रकार वेगळा, म्हणून तेवढे वाचले.

मी साहेबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी यादी माझ्याकडून घेतली आणि सफाईचं काम दुसऱ्याला दिलं. त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं, पण हलकंच वाटलं.

रविवारी परत उत्तनला गेले. आकडे मिळाले हे आधी सांगितलं, प्रोग्रॅमचं नंतर. त्याचा चेहरा उतरला. "चार महिने लागले होते त्याला," तो म्हणाला. बहीण मासे निवडत होती. वर न बघता ती त्याला म्हणाली, "तुझ्या डोक्यातला हाय ना? मंग परत लिव. माजं पानी परत आलं असतं काय?"

तो कण्हत सरळ बसला आणि मला म्हणाला, "कागद काढ."

पुढचे पाच रविवार तो सांगत गेला, मी लिहीत गेले, आणि आठवड्यात केंद्रात वेळ मिळेल तसं टाइप करत गेले. पहिला तक्ता छापून नेला तेव्हा बहिणीने तो हातात घेतला आणि धक्क्यावर जाऊन उभी राहिली. आम्ही ओसरीवर वाट बघत होतो. मला एका जागी बसवत नव्हतं. तासाभराने ती आली.

"अर्दा तास चुकलाय," ती म्हणाली. "पन उधानाचा दिवस बरोबर हाय."

त्याने तक्ता मांडीवर ओढला आणि पेन मागितलं.