तिच्या ताटातली अंडी

चिखल्याच्या खाणीत जमिनीच्या पोटात उतरताना धर्मेंद्र कधी डगमगला नाही. पण आपल्या आईसमोर एक वाक्य बोलणं काही त्याला जमलं नाही. अशा माणसाला शूर म्हणायचं की भेकड, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं ठरलेलं आहे.

लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. त्याच्या बायकोच्या, तृप्तीच्या तपासण्या तुमसरला झाल्या, भंडाऱ्याला झाल्या. तिच्यात काही निघालं नाही. शेवटी तुमसरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नवरा कुठे आहे?" तेव्हा कुठे स्वारी हलली, तीही बायकोला सोबत म्हणून जातो असं घरी सांगून.

दोष त्याच्यात निघाला. पुरुषाचं हार्मोन कमी, शुक्राणूही कमी. बाईंनी त्याच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं, रंगलेल्या दातांकडे पाहिलं आणि खाणंपिणं विचारलं. दिवसभर गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, खाणीतली पाळी सुटली की दोस्तांसोबत दारू आणि आलूबोंडे, रातपाळीनंतर झोपायचं सोडून पानठेल्यावर गप्पा.

"अजून वेळ गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "खर्रा, दारू बंद करा. तळलेलं कमी करा. अंडी, डाळ, पालेभाजी खा. चाला, पोट उतरवा, झोप पुरी करा. सहा महिन्यांनी परत या."

परतीच्या बसमध्ये तो तृप्तीच्या कानाशी लागला. "मायले सांगू नको. हे खाणंपिणं तुलेच सांगतलं म्हनू."

"तुमी खासान तर काहीबी सांगा," ती म्हणाली.

आई विमलाबाई कंबर कसून कामाला लागली. सुनेसाठी रोज दोन अंडी उकडू लागली. दुपारी तिला बळेच झोपवी, संध्याकाळी वसाहतीत फिरायला पिटाळी. तृप्तीने एकदा आपलं अंडं हळूच नवऱ्याच्या ताटात सरकवलं, तर विमलाबाईने ते उचलून जागच्या जागी ठेवलं.

"तिच्या दवाईतलं तू काहून खाऊन राहिला बे? पोरगं तुले होनार हाये काय?"

धर्मेंद्र नुसता हसला. आपणच खणलेल्या खड्ड्यात आपण पडलोय, हे त्याला कळत होतं.

बरं, अंडी राहू द्या. खर्रा सोडायला कुणाची परवानगी लागत होती? पण खर्रा नाकारणं म्हणजे दोस्ती तोडणं. एकाने प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा, बाकीच्यांनी चिमूट उचलायची. हात आखडला की लगेच, "काहून बे, बायकोनं मनाई केली का?" त्या एका प्रश्नाला घाबरून या गड्याने आपलं बापपण चघळून थुंकून टाकलं. मला अजून त्याचा राग येतो.

सहा महिन्यांत तृप्तीच्या चेहऱ्यावर तेज आलं. धर्मेंद्रचं पोट मात्र तसूभर हललं नाही आणि तपासणीचा आकडा आणखी खाली गेला.

त्याच आठवड्यात नात्यातली निर्मलाबाई जेवायला आली. विमलाबाईने तिच्यासमोर तोंड सोडलं. "अंडे खाऊन खाऊन लाल झाली, पन कूस काही उजवली नाही. वांझच हाये. आता पोरासाठी दुसरी पाहा लागते."

तृप्ती दारात उभी होती. तिने सासूकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सांगा ना," ती नवऱ्याला म्हणाली. "एकडाव सांगा."

धर्मेंद्रने खिशातली पन्नी काढली आणि खर्रा गालात भरला. तोंड भरलं की बोलायला नको.

तृप्तीने आपलं ताट आणून त्याच्यापुढे ठेवलं. दोन्ही अंडी तशीच होती. "हे तुमचंच होतं," एवढं म्हणून ती दुपारच्या बसने माहेरी लाखांदूरला गेली. पुढे रीतसर फारकत झाली.

त्या दिवसापासून खर्रा तोंडात धरला की धर्मेंद्रला ते ताट आठवतं आणि तो थुंकून टाकतो. दोस्तही बिचारा म्हणून आग्रह करत नाहीत. पोरगा खंगला म्हणून विमलाबाई आता त्याच्यासाठी रोज दोन अंडी उकडते आणि तो मुकाट्याने खातो. घर खायला उठतं म्हणून संध्याकाळी लांब चालत जातो, येऊन दमून झोपतो.

परवा तो तुमसरला जाऊन आला. आकडा सुधारला होता. डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

"छान," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी तृप्तीला घेऊन या."