सुनंदाचा दुसरा फोटो

तुम्ही सगळे इथं आपापले अनुभव लिहिता, सून मले वाचून दाखवते. मी आयकते अन गप राहते. आमचं घर बौद्धाचं. भूतखेत, अंगात येनं, उतारा... आमच्यात कोनी मानत नाही. मी कधीच नाही मानलं, आजबी नाही. पन जे झालं ते सांगते. मी बोलून राहिली, सून लिहून राहिली.

आमचं घर नागपुरात, लकडगंजच्या मांगं, नाल्याच्या काठावर. मी सारी जिंदगी मिरचीच्या गोदामात देठं तोडले. घरी आली का हात पान्यात बुडवून बसो, एवढी आग होये. नवरा लवकर गेला. मंग पोरगी गेली, सुनंदा. चौथीत होती. कावीळ झाली, दवाखान्यात नेतपर्यंत उशीर झाला. तिचा एकच फोटो होता. दोन वेन्या, हात सरळ खाली, तोंड असं जसं कोनी रागावलं.

मांगच्या पावसाळ्यात नाल्याचं पानी घरात घुसलं. फोटो चिखलात गेला. सुनेनं ज्या मोबाईलमधी त्याचा फोटो काढून ठेवला होता, तोबी गेला.

खरं सांगू... मले तिचा चेहरा आठवेनासा झाला होता. वेन्या आठवे, फ्राक आठवे. चेहऱ्याच्या जागी काहीच नाही.

सून म्हने, "घाबरू नोका जी आई. मी तो पोस्टमधी टाकला होता."

ते तिचं पोस्ट टाकाचं ठिकान काही येगळंच आहे. एका कंपनीचं नाही म्हने. ज्याचं त्याचं घर, अन सगळ्या घराईचे दारं एकमेकात उघडते. तिनं पोस्ट काढली. लिहिलेलं जसंच्या तसं — "ही माझी नणंद सुनंदा. मी तिले कधी पाहिलं नाही." अन फोटोच्या जागी खाली चौकोन, रिकामा.

"फोटो कुठं गेला वं?"

"फोटो इथं नव्हताच जी. दुसऱ्या साइटवर ठेवला होता, इथं फक्त त्याचा पत्ता देला. ती साइट बंद पडली."

"म्हनजे लेकरू भाड्याच्या खोलीत ठेवलं तू."

ती रडाले लागली. मले मंग वाईट वाटलं.

सुनंदा गेली तो दिवस आला. मी तोच खाली चौकोन उघडून मोबाईल बुद्धाच्या मूर्तीजवळ ठेवला, मेनबत्ती लावली. पोरगा म्हने, "आई, खाली डब्ब्याले काय हात जोडते?"

"तुले काय करा लागते? बॅटरी सुनेची जाऊन राहिली."

बुद्धवंदना झाली. सून मोबाईल उचलाले गेली अन तशीच बसली. "आई... फोटो आला."

सुनंदाच होती. वेन्या त्याच, फ्राक तोच. पन हा तो फोटो नव्हता. मान वाकडी करून हसून राहिली होती, पडलेला दात दिसे. अन बाजूनं एक हात आलेला, बांगड्यावाला, हाललेला.

तो हात माहा होता.

गांधीबागेत स्टुडिओ होता. तिचे केस सारखे कराले मी हात घातला, ते हसली, अन तेवढ्यात फोटो निघाला. फोटोवाला चिडला, "बिघडवला ना बाई!" मंग दुसरा काढला, तोच आम्हाले देला. बिघडलेला आम्ही कधी पाहिलाच नाही.

सुनेनं लगेच उतरवून घेतला, छापून आनला, भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी चौकोन परत खाली. तिनं तिथल्या लोकाईले विचारलं. एकानं सांगितलं, बंद साइटचा पत्ता दुसरा कोनी घेऊ शकते, तो जे चित्र ठेवन तेच तुमच्या पोस्टमधी दिसन. होत असन. पन सुनेनं पाहिलं, तो पत्ता कोनी घेतलाच नाही. अन घेतला असता तरी त्याच्यापाशी आमची सुनंदा कुठून आली असती? स्टुडिओच्या जागी आता कपड्याचं दुकान आहे. फोटोवाला कधीचा मेला.

मले नाही समजलं, सुनेले नाही समजलं. आता डोळे मिटले का हसतेच ते, रागावलेला चेहरा येतच नाही.

पोरगा विचारते, "आई, त्या फोटोचं तुले भेव नाही लागत?"

कायचं भेव गा? माही पोरगी होय ते.