वाफ्यातला नारळाचा वास

आजही कुणी नारळ फोडला की माझं डोकं फिरतं. लोक खोबऱ्यासाठी हात पुढे करतात, मी तोंड फिरवते.

लढाईचे, टंचाईचे दिवस होते. मी खालापूरकडची, लग्न होऊन कडावजवळच्या गावात आले. भातं निघाली की इथं घरोघर वांगी-मिरचीची रोपं टाकायचे, आणि दरसाल ती बोटभर झाली की बुडाशी नरम पडून माना टाकायची. सासू म्हणायची, "जमीनच खोटी हाय." माझ्या माहेरी रोपं अशी मरत नसत. आईनं गोठ्यामागे तूस, पेंढा आणि शेणाचा जुना ढीग राखला होता. त्यावर हिरवीगार बुरशी यायची. वाफा करताना आई ढिगातली ती माती बुरशीसकट त्यात कालवायची. दिवाळीला गेले तेव्हा मीही तिथून टोपलीभर घेऊन आले.

त्या साली अख्ख्या गावाची रोपं बसली, माझी तेवढी ताठ उभी. मग काय, लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागली! त्यात सकाळी पाणी शिंपलं की वाफ्यातून ओल्या खोबऱ्याचा वास सुटायचा. शेजारणीनं कुंपणावरून नाक वर केलं आणि बोंब ठोकली, "नारळ पुरलाय हिनं! करणी केली गं बाई! आमची रोपं मारली नि सोताची जगवली!"

दुपारपर्यंत गावातले म्हातारे कुदळी घेऊन दारात हजर. अरे, वाण्याकडं धड गूळ मिळेना त्या दिवसांत! मी ओरडून विचारलं, "नारळ हाती लागला असता तर मी मातीत पुरला असता, का चटणी वाटली असती?" कुणी ऐकेल तर शपथ. वाफा उभा-आडवा खणला. नारळ सोडाच, करवंटीचा तुकडासुद्धा निघाला नाही. निघाली ती हिरवी बुरशी. एका म्हाताऱ्यानं ती नाकाशी धरली.

"नारळ नाय तर वास कुठनं आला? मंतरलेली माती हाय ही. भाजून टाका."

भात पेरण्याआधी जमिनीवर पाला पेटवून राब भाजतात, तसा माझा वाफा भाजला, रोपांसकट. आणि पालापाचोळा आणून कुणी टाकला? माझ्या नवऱ्यानं. मान खाली घालून भारे तोच वाहतोय. तो मरेपर्यंत मी त्याला माफ केलं नाही, आणि करायचं कारणही नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी शेतकी शिकणाऱ्या नातीनं सांगितलं, की ती बुरशी पिकाची राखण करणारी. रोग आणणाऱ्या बुरशीला ती खाते, आणि तिचा तो खोबऱ्यासारखा वाससुद्धा मातीच्या फटींतून पसरून रोगाला वाढू देत नाही. ऐकून अंगाची लाही लाही झाली. म्हणजे ज्या वासापायी मला चेटकीण ठरवलं, तोच माझी रोपं सांभाळत होता!

पण तेव्हा, वाफा भाजला त्याच्या दुसऱ्या साली, सगळ्यांची रोपं पुन्हा बसली. मग सासूच हळूच जवळ आली. "जा गं, म्हायेरची ती माती आन थोडी. कुनाला सांगू नको."

निर्लज्जपणाची कमाल! तरी मी गेले, माझ्या वाफ्यासाठी गेले. गोठ्यामागे पाहते तर ढीग नव्हता. काळी जमीन होती नुसती.

"मीच पेटवला," आई म्हणाली. "तुझं कानावर आलं नि धसका घेतला. उद्या म्हनले असते, आयनंच शिकवलं. तुला टाकली असती गं त्यांनी."

तिच्या अंगणातल्या वाफ्यात वांग्याची रोपं आडवी पडली होती. तिच्या हातची रोपं मेलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

घरी येऊन रिकामी टोपली सासूच्या पुढ्यात आपटली.

"माती कुठं हाय?" तिनं विचारलं.

"जळली," मी म्हटलं. "तुमी लावलेली आग माझ्या आयच्या दारापर्यंत गेली."