अण्णांची सीट व्हॅनमध्ये नाही

रविवारी सकाळी बेंगळुरूच्या कोरमंगला भागातल्या एका टूरवाल्याच्या ऑफिसात मी इतक्या जोरात ओरडले, की बाहेर बसलेल्या दोन मुली काम थांबवून काचेतून बघायला लागल्या. आज चार दिवस झाले... डोकं अजून तापलेलंच आहे.

आधी अण्णांबद्दल सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील, वय अडुसष्ट. आम्ही तीन पिढ्या बेंगळुरूचे, त्यामुळे घरात बाबांना अण्णाच म्हणतात. इथल्या पीण्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं आणि तिथे ते पस्तीस वर्षं मोटरसायकलवरूनच गेले. मला गाडी शिकवली तीही त्यांनीच, वर्कशॉपच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर.

इथल्या डिसेंबरातल्या थंडीने आता त्यांची बोटं आखडतात. गेल्या हिवाळ्यात चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाले, "एकदा या दिवसांत कुठल्यातरी उबदार देशात जाऊन गाडी चालवायची." तिथून श्रीलंकेचं ठरलं.

आठ महिने आम्ही बापलेक त्याच नादात होतो. डायनिंग टेबलवर कायम नकाशा पसरलेला... आई वैतागून त्याच्यावरच ताटं मांडायची. मग हा टूरवाला सापडला. सात-आठ बाइक्सचा ग्रुप, मागून सामानाची एसी व्हॅन. रविवारी त्याच्याकडे सगळं फायनल करायचं होतं.

अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, लायसन्सच्या दोन झेरॉक्स घेऊन आले होते.

तो माणूस पहिल्या मिनिटापासून फक्त माझ्याशी बोलत होता. अंकलना बीपी आहे का? अंकलना जेवण कसलं लागतं? अंकल समोर बसलेत, दीड फुटावर... आणि प्रश्न मला! अण्णा कन्नडमध्ये म्हणाले, "स्वल्प मॅप तोरिसि." जरा नकाशा दाखवा. त्याने लॅपटॉप वळवला तोही माझ्याकडेच.

अण्णांनी मान लांब करून बघितलं आणि शांतपणे सांगितलं, की डिसेंबरात पूर्व किनाऱ्यावर पाऊस असतो, बाइकचा रूट दक्षिणेकडून ठेवायला हवा. तो हसला. "अंकल, तुम्हाला काय टेन्शन? तुम्ही तर व्हॅनमध्ये असणार."

माझा भडका उडाला. काय काय बोलले ते सगळं आता आठवतही नाही. तुम्ही कोण ठरवणारे, त्यांचा फिटनेस बघितलात का, समोरच्या माणसाकडे बघून बोलायची पद्धत नाही का...

तो गोंधळून म्हणाला, "मॅडम, पण मेल तुमचाच आहे ना?"

आणि त्याने मेल उघडला.

हो. मेल माझाच होता. दीड महिन्यापूर्वीचा. वडील अडुसष्टचे आहेत, त्यांच्यासाठी व्हॅनमध्ये एक सीट धरून ठेवा, त्यांना आत्ता काही सांगू नका, तिथे पोचल्यावर मी समजावते... असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. खरं सांगते, लिहून विसरून गेले होते.

अण्णांनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि तो मेल सावकाश वाचला. मग झेरॉक्स उचलून म्हणाले, "चल."

पुढचे दोन दिवस असेच गेले. मी माफी मागायला गेले की ते पेपर वर धरायचे. मंगळवारी संध्याकाळी एकदाचे बोलले, आणि अण्णांना इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"त्या माणसाला मी माहीत नाही. तुला माहीत आहे," ते म्हणाले. "भीती वाटत होती तर मला विचारायचं होतंस. परक्याला काय लिहितेस?"

मी टेबलवरचा नकाशा उगाच गुंडाळू लागले.

"उद्या सुट्टी घे," इतकंच म्हणून ते आत गेले.

काल सकाळी आम्ही दोन गाड्यांवर नंदी हिल्सच्या दिशेने निघालो. ते पुढे, मी मागे. देवनहळ्ळीच्या अलीकडे त्यांनी इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घेतली. मी धावत जवळ गेले, तर ते हातमोजे काढून बोटं चोळत उभे होते.

"बोटं आखडली की मी थांबतो," ते म्हणाले. "दहा मिनिटं लागतात. तिकडे एवढी थंडी नसेल, तरी दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर नाही. अंधारात नाही. पाऊस आला तर त्या दिवशी सुट्टी." मग हातमोजे परत चढवत म्हणाले, "हे सगळं मी जूनमध्येच लिहून ठेवलंय. तू विचारलंच नाहीस."

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. आणि खोटं कशाला बोलू, त्या रडण्यातही निम्मा रागच होता. मी बाइक चालवते म्हणून अख्खी सोसायटी मला सल्ले देते, तेव्हा मी केवढी चवताळते! आणि घरातल्या माणसाच्या बाबतीत मी हेच केलं... तेही गुपचूप, वर काळजीचं नाव देऊन.

आज त्या टूरवाल्याला 'तुमची टूर नको' असं कळवून टाकलं. त्याच्यावरचा राग काही कमी झालेला नाही, मेल माझा असला तरी समोर बसलेल्या माणसाशी बोलायला काय झालं होतं? अण्णांनी कोलंबोतल्या एका भाड्याने बाइक देणाऱ्याशी स्वतः फोनवर बोलून दोन गाड्या ठरवल्या. रूट दक्षिण किनाऱ्याचा.

गेले आठ महिने मी सगळ्यांना सांगत होते, की मी अण्णांना श्रीलंकेला घेऊन चाललेय. आता बरोबर करून सांगते... इतकं होऊनही अण्णा मला घेऊन चालले आहेत.