तामूच्या अॅप्रनचा बंद

तामूच्या हातचं कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले मोकळे दाणे, न खाल्लेला माणूस सेफ्रू गावात दिवा घेऊन शोधूनही सापडला नसता. चाळीस वर्षं तिनं गावाची लग्नं जेवू घातली. पण शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य बाई व्हायचं तर म्हणे प्रमाणपत्र हवं! म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी तामू नातीच्या वयाच्या पाच मुलींबरोबर प्रशिक्षण केंद्रात स्वयंपाक शिकायला बसली. दुसऱ्यांच्या अंगणात फार शिजवून झालं होतं. आता एक तरी चूल आपल्या हुकमाची हवी, एवढंच तिला वाटत होतं.

गिझलानबाई शिकवायच्या ते करायला लावून. पहिल्याच दिवशी त्यांनी तामूची मिठाची 'एक चिमूट' काट्यावर टाकायला लावली. भरली दुप्पट.

"अगं बाई! म्हणजे आमच्या ह्यांचं बीपी मीच चढवलं की!" तामू हसत सुटली, आणि त्या दिवसापासून काट्याची भक्त झाली.

वाद एकाच गोष्टीवर. कुसकुस वाफवताना खालचं पातेलं आणि वरचं भोकांचं भांडं यांच्या सांध्याला पिठात भिजवलेली चिंधी गुंडाळल्याशिवाय वाफ वर चढत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बाई म्हणायच्या, "मावशी, ओट्यावर मळकी चिंधी चालणार नाही."

परीक्षेला भांडी आली नवीकोरी, चकचकीत, आणि एकाचं दुसऱ्याला धड बसत नव्हतं. सांध्यातून वाफ फुसफुसत बाहेर, वर दाणे कोरडे ठणठणीत. परीक्षक अब्देलवाहेदसाहेब वही घेऊन फिरत होते. आज नापास, तर मुख्य बाईची जागा दुसरीला.

मग तिनं कात्री उचलली आणि स्वतःच्या अॅप्रनचा कमरेचा बंद कापला! बाईंनी शिकवलं होतं तसा दहा मिनिटं खळाखळा उकळला, पिठात बुडवला, सांध्याला गुंडाळला. वाफ चढली वर. अॅप्रन घसरला खाली.

कुसकुस मोकळं करायला दोन्ही हात लागतात. तामूनं अॅप्रनची कड दातात धरली.

"यात प्रथिनं कशात आहेत?" परीक्षकांनी नेमकं तेव्हाच विचारलं.

"म्म्म!" तामूनं कोपरानं चणे दाखवले.

"तोंडानं सांगा."

"चण्या..." अॅप्रन पायात! तामूनं तो पकडायला उडी मारली, गिझलानबाई ओढणीत तोंड खुपसून गदगदा हसायला लागल्या.

"आणि ही चिंधी?" परीक्षकांनी भुवई चढवली.

"चिंधी नाही, साहेब. दहा मिनिटं उकळलेली आहे. घड्याळ लावून!"

त्यांनी एक घास खाल्ला. मग दुसरा. तिसरा परीक्षेसाठी नव्हता, हे सगळ्यांना कळलं. तेवढ्यात तामूच्या पाठीमागे आवाज झाला, चर्र! पाची पोरी आपापले बंद कापत होत्या.

अॅप्रनच्या रकान्यात सहाही जणींना शून्य मिळालं. पास मात्र सगळ्या झाल्या, आणि तामूनं आनंदानं बाईंनाच उचललं.

आता शाळेच्या स्वयंपाकघरात केंद्रातल्या नव्या मुली हात बसवायला येतात. दारावर त्यांनी काय आणायचं त्याची यादी लावलेली आहे. "अॅप्रन एक. जादा बंद दोन, उकळून." खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत सही आहे: तामू, मुख्य बाई.