साबण नंतर मिळाला

समोर माणूस आला की आधी त्याची कॉलर चिमटीत धरून बघायची आणि मग रामराम घालायचा, ही आप्पांची रीत. मी बदली होऊन त्या गावच्या शाळेत आले आणि त्यांच्या शेजारी खोली घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या दोरीवरच्या ओढणीची कड उलटून म्हणाले, "बाई, साबण ऱ्हायलाय हिच्यात. लावणं सोपं असतंय, काढणं अवघड."

असा शेजारी तुम्हालाही भेटला असेल. आधी राग येतो, मग त्याच्यावाचून करमत नाही.

बेळगावला लागून असलेलं ते गाव. घरटी एक माणूस मिल्ट्रीत. आप्पांनीही फौजेत पुरी नोकरी केली, पण वॉशरमन म्हणून. पलटणीच्या वर्द्या, बर्फातले कोट, झोपायच्या पिशव्या धुणं, वाळवणं, उसवलेलं शिवणं, हे त्यांचं काम. चहाच्या गाड्यावर कुणीतरी हमखास म्हणायचं, "पाटलाच्या भावकीतलं पोरगं मिल्ट्रीत गेलं आणि धुणं धुऊन आलं!"

"व्हय," आप्पा म्हणायचे, "लई धुतलं."

त्यांना लागत असेल का, हे मला कळायचं नाही. एकदा विचारलं तर वेगळंच सांगू लागले. "वर बर्फात मोजा ओला ऱ्हायला तर बोट काळं पडतंय, बाई. मग कापायचंच. मी स्टोव्हभोवती मोजे वाळवत बसायचो. डुलकी लागली तर जळत्यात, म्हणून गाणी म्हणायचो. पोरं म्हणायची, मोजे ओले चालतील, पण गाणं बंद कर!"

एका वर्षी माजी सैनिकांनी ठरवलं, पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर संचलन करायचं. बिल्ले काढून जुन्या हिरव्या वर्द्या घालायच्या. ट्रंका उघडल्या आणि सगळ्यांची तोंडं उतरली. कापडावर बुरशी, पट्टे कडक, बक्कलं हिरवी, बुटांना भेगा. सुभेदार पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ पुढारी होते. ते आप्पांकडे आले. "आप्पा, एवढं मनावर घे."

आप्पांनी घेतलं. बेळगावच्या ऑगस्टात साधा रुमाल वाळत नाही. त्यांनी गोठा रिकामा केला, आडव्या दोऱ्या बांधल्या, खाली शेगड्या ठेवल्या. बुरशी आधी कोरड्या ब्रशनं झाडली, मगच कापड पाण्यात घातलं. बक्कलांना चिंच, बुटांना मेण. म्हैस बिचारी पडवीत उभी राहून हे सगळं बघत होती.

आदल्या दिवशी सुभेदार शाळेत येऊन कोण कुठे उभं राहणार ते सांगत होते. आप्पा तिथंच होते. "आणि मी?" त्यांनी विचारलं.

"तू कडेला थांब. कुणाचं बटण तुटलं तर लागशील. रायफलवाल्यांचं संचलन आहे हे."

आप्पा घरी आले. त्यांच्या बायकोला, आक्कांना, कळलं तेव्हा त्या गोठ्याच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "एक कपडा द्यायचा न्हाय! चालू देत उघडे!"

"त्यात कापडाचा काय दोष गं?" आप्पा म्हणाले आणि इस्त्री तापवायला घेतली. संध्याकाळी प्रत्येकाची वर्दी घरपोच झाली.

सकाळी मैदानावर रांग लागली. तेवढ्यात फाटकातून एक वर्दीवाला आत आला. मी क्षणभर ओळखलंच नाही. आप्पा रांगेच्या शेवटी जाऊन सावधानमध्ये उभे राहिले.

"आप्पा?" सुभेदार म्हणाले. "काल सांगितलं होतं ना?"

"साहेब, ट्रेनिंगनंतरची कसम परेड मी बी केलीया. रायफल आधी मिळालती. साबण नंतर मिळाला."

मग रांगेतला एक थोराड हवालदार पुढे आला. "साहेब, मी वर दोन हिवाळे काढल्यात. माझी दहाच्या दहा बोटं शाबूत हायत, ती असल्याच कुणीतरी मोजे वाळवले म्हणून. ह्यो चालणार नसंल तर मी बी न्हाय."

तो आप्पांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग दुसरा सरकला. मग तिसरा. बघता बघता रांगेचा शेवट होता तो मध्य झाला. सुभेदार सगळ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला आणि असा आवाज लावला की छपरावरची कबुतरं उडाली. "दाहिने सज!"

रांग सरळ करायला सगळ्यांबरोबर आप्पांचीही मान कडक उजवीकडे वळली.

त्यांचं पाऊल पहिल्यापासून अचूक पडलं. आक्का पोरांच्या गर्दीत शिरून टाळ्या वाजवत होत्या आणि डोळे पुसायलाही थांबत नव्हत्या. निम्म्यात पाऊस आला, पण एकानंही पाऊल चुकवलं नाही.

आता आप्पा आणि आक्का लेकीकडे हुबळीला असतात. शेजारचं दार बंद दिसतं. मला मात्र त्या संचलनाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते. चिखलानं माखलेल्या वर्द्या घेऊन सगळे आप्पांच्या अंगणात हजर होते. आप्पा खुर्चीत बसले होते, हातात चहा.

"मी आज रजेवर," ते म्हणाले. "दगड तिथं हाय, पाणी तिथं हाय."

आणि धोतर खोचून सुभेदार दगडापाशी उकिडवे बसले. आप्पांनी एक घोट घेतला आणि हुकूम सोडला, "साहेब, जोर लावा की!"